सॅक पलंगावर ठेवू नकोस

मनू, काल तू पासपोर्ट, व्हिसा, विमा, बूट, पावसाळी जाकीट अशी सगळी यादी घडाघडा वाचून दाखवलीस आणि शेवटी विचारलंस, "ताई, काही राहिलंय का गं?" मी नाही म्हणाले. समोर काकू बसली होती, म्हणून नाही म्हणाले. एक गोष्ट राहिलीय, आणि ती मी आजवर घरात कुणालाच सांगितलेली नाही. ढेकूण.

नाक मुरडू नकोस, नीट ऐक. तू पॅरिसला चार दिवस राहणार, तिथून रेल्वेनं सँ-ज्याँ-पिए-द-पोरला जाणार आणि मग कामिनोच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या पायवाटेनं स्पेनमध्ये सांतियागोपर्यंत चालणार. सुमारे 780 किलोमीटर. म्हणजे महिनाभर दर रात्री नवं गाव, नवं आल्बेर्गे (यात्रेकरूंचं वसतिगृह), नवी गादी. त्या गादीवर आदल्या रात्री दुसरंच कुणी झोपलेलं, त्याच्या आदल्या रात्री तिसरं. यात त्या गावांचा काही दोष नाही. जिथे रोज नवी माणसं नव्या सॅक घेऊन येतात, तिथे ढेकणाला चालावंसुद्धा लागत नाही, आपणच त्याला पाठीवर घेऊन पुढच्या गावाला सोडतो. मीही सोडलाय.

मी चालले त्याला आता आठ वर्षं झाली. बुर्गोस मागे टाकलं होतं. बुर्गोस आणि लेओनच्या मध्ये मेसेता लागतं, उघडं सपाट पठार. चहूकडे गव्हाची शेतं, मैलोगणती सावलीला झाड नाही. अशाच एका लहानशा गावात रात्री झोपेतच कोपर खाजवत होते. सकाळी पाहिलं तर कोपरापासून मनगटाकडे तीन लाल गांध्या, एका रेषेत ओवल्यासारख्या. डास असे ओळीत चावत नाहीत. मला त्याच क्षणी कळलं होतं गं. उशीजवळ नाक नेलं तर तो वासही आला, कोथिंबीर सडल्यावर येतो तसा उग्र. तो वास मी लहानपणापासून ओळखते.

तू आजीची गिरगावातली खोली पाहिली नाहीस. मे महिन्यात खाटा गॅलरीत निघायच्या, गाद्यांना ऊन दाखवायचं, आणि आजी पितळी किटलीतून उकळतं पाणी खाटेच्या एकेका सांध्यात ओतायची. शेजारची कुणी विचारायला आली की आजी म्हणायची, "काही नाही, खाटा धुतेय." शेजारीणही त्याच महिन्यात 'खाटा धुवायची'. सगळ्या मजल्याला ढेकूण आणि तो शब्द मात्र कुणाच्याच तोंडून निघायचा नाही. ढेकूण झाले म्हणजे घर घाणेरडं, बाई आळशी, असाच हिशेब होता.

तीच लाज माझ्याबरोबर मेसेतावर आली होती. वाटलं, इथे एवढ्या गोऱ्या माणसांत मी एकटी भारतीय बाई. मी तोंड उघडलं तर सगळे म्हणतील हिनंच आणले. भर उन्हात लांब बाह्यांचा शर्ट चढवला आणि गुपचूप पुढे चालायला लागले. ती रात्र पुढच्या गावात काढली. तिथेही सॅक गादीवरच ठेवली, सवयीनं.

तिसऱ्या गावात संध्याकाळी क्रेदेन्सिआलवर, म्हणजे यात्रेकरूच्या शिक्क्यांच्या पुस्तिकेवर, शिक्का मारून घेताना बाही जरा वर सरकली. टेबलामागे पांढऱ्या केसांची एक बाई बसली होती. तिथली ओस्पितालेरा, म्हणजे आल्बेर्गे सांभाळणारी. तिनं माझा हात पाहिला, शिक्का खाली ठेवला, आणि शेजारच्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात विचारलं, "चिंचेस?" मला चिंचाच वाटल्या. मग तिनं बोटानं टेबलावर काहीतरी सरपटत गेल्याची खूण केली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. स्पॅनिशमध्ये ढेकणांना चिंचेस म्हणतात. तो शब्द तू कधी विसरणार नाहीस, मराठी माणसाला तो विसरता येत नाही.

ती मला मागच्या अंगणात घेऊन गेली. फरशीवर पांढरी चादर अंथरली आणि सॅकमधलं सगळं तिच्यावर ओतायला लावलं. सॅकची प्रत्येक शिवण, पट्ट्याखालचा स्पंज, झिपची कड, सगळं ती टॉर्च धरून बघत होती. स्लीपिंग बॅगच्या झिपमागे कापडाची एक अरुंद पट्टी असते, ती तिनं नखानं उलटी केली. आत एक मोठा ढेकूण होता, मसुराच्या डाळीसारखा चपटा आणि तांबूस तपकिरी. त्याच्या बाजूला तिळापेक्षा लहान एक पिल्लू, जवळजवळ पारदर्शक, पण पोटात लाल ठिपका. तो लाल ठिपका म्हणजे माझं रक्त. तिनं चिकटपट्टीवर दोघांना उचललं, पट्टी दुमडली, आणि काहीच न घडल्यासारखी म्हणाली, आता ड्रायर.

आता मला त्या रात्री कुणीतरी सांगायला हवं होतं, ते तुला सांगते. ढेकणाला तुझी स्वच्छता कळत नाही. त्याला कळतो तुझा श्वास आणि तुझ्या अंगाची ऊब. पंचतारांकित हॉटेलातली गादी आणि चाळीतली गादी त्याला सारखीच. आणि 'आपण भारतातून आणले असतील' हा विचार तर मनात आणूच नकोस. भारतासारख्या उष्ण देशांत मुख्यतः निराळी जात असते, सायमेक्स हेमिप्टेरस. युरोपात नेहमी सापडतो तो सायमेक्स लेक्टुलारियस. तुझ्या आधी कितीतरी शतकं तो तिथे नांदतोय. फ्रान्सच्या आरोग्य सुरक्षा संस्थेनं 2023 मध्ये अहवाल दिला, त्यात 2017 ते 2022 या काळात दर 100 फ्रेंच घरांपैकी 11 घरांना ढेकणांचा त्रास झाल्याचं म्हटलंय. त्याच वर्षी ऑक्टोबरात मातिल्द पानो नावाच्या खासदार बाईंनी काचेच्या कुपीत ढेकूण घालून थेट फ्रेंच संसदेत दाखवले. त्यांच्या संसदेत ढेकूण उघडपणे दाखवता येतो, तर तुला हॉस्टेलच्या काउंटरवर बोलायला काय हरकत आहे?

आणि घाबरूही नकोस. ढेकूण चावला म्हणून कुठला रोग होतो असं आजवर आढळलेलं नाही. डासाचं तसं नाही, डासाला मी जास्त भिते. ढेकणाला पंख नाहीत, त्याला उडी मारता येत नाही, आणि उवांसारखा तो अंगावर राहतही नाही. पाच-दहा मिनिटं रक्त पितो आणि फटीत जाऊन बसतो. म्हणजे त्याची फट शोधायची, एवढंच आपलं काम.

खोलीत शिरलीस की आधी सॅक कुठे ठेवतेस ते बघ. पलंगावर नाही. गालिच्यावर नाही. न्हाणीघर असेल तर फरशीवर, नाहीतर धातूच्या खुर्चीवर किंवा लॉकरमध्ये. कामिनोवर काही ठिकाणी सॅक आणि बूट झोपायच्या खोलीत नेऊच देत नाहीत, काही ठिकाणी मोठी प्लॅस्टिकची पिशवी देऊन सॅक तिच्यात घालायला सांगतात. तिथे रागावू नकोस, उलट तिथे निर्धास्त झोप. ते लोक जागे आहेत.

मग गादी. दिवा लाव, मोबाइलचा टॉर्च हातात घे आणि डोक्याकडच्या बाजूनं चादर उचल. गादीच्या कडेनं जो गोट शिवलेला असतो ना, तो अंगठ्यानं उलटा करत जा. नखं घालवत नसतील तर जुनं एटीएम कार्ड त्या शिवणीतून हळूहळू ओढ. तुला जिवंत ढेकूण दिसेलच असं नाही. दिसतात ते काळे ठिपके, शाईचं पेन टेकवून उचललं तर उमटावेत तसे. ओलं बोट फिरवलं तर पसरतात. ती त्यांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्तच. बाजूला कधी फिक्या रंगाची पोकळ टरफलं असतात. मोठं होईपर्यंत ढेकूण पाचदा कात टाकतो, आणि प्रत्येक कातीआधी त्याला एकदा रक्त लागतं. त्यामुळे टरफलं दिसली की समज, इथे बरेच दिवस मुक्काम आहे. अंडी पांढरी, जेमतेम मिलिमीटरभर. खसखशीचा दाणा चिकटवल्यासारखी दिसतात.

बंक बेड असेल तर लाकडाचे सांधे बघ, स्क्रूची भोकं बघ, आणि खालच्या पलंगावर झोपणार असशील तर वरच्या गादीच्या खालच्या पट्ट्या आवर्जून बघ. तिथे कुणी बघत नाही. उशाशी टेकायला लाकडी फळी असेल तर तिची मागची बाजू. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम. बरोबरची मुलं बघत असतील, बघू देत. दुसऱ्या दिवशी तीच तुझ्याकडे टॉर्च मागायला येतील, माझा अनुभव आहे.

पलंग भिंतीला चिकटलेला असेल तर वीतभर पुढे ओढ. पांघरुणाचं टोक जमिनीला लोंबू देऊ नकोस. आणि मळलेले कपडे उघडे ठेवू नकोस, हे मी दोनदा सांगेन. ब्रिटनमधल्या शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. खोलीत धुतलेल्या कपड्यांच्या आणि वापरलेल्या कपड्यांच्या पिशव्या ठेवल्या आणि ढेकूण सोडले. माणूस खोलीत नसताना ढेकूण वापरलेल्या कपड्यांवर दुपटीनं जमले. माणसाचा वास त्यांना पुरतो. म्हणून घामेजलेले मोजे आणि टी-शर्ट लगेच झिपच्या पिशवीत, हवा काढून, तोंड बंद करून. पलंगाच्या कठड्यावर वाळत घालायचे नाहीत.

बाजारात तुला पुष्कळ काय काय दाखवतील. लॅव्हेंडरचं तेल घेऊन चालणारे मला डझनभर भेटले, त्यातले निम्मे खाजवत होते. आवाजानं ढेकूण पळवणारं यंत्र घेऊ नकोस, पैसे वाया. डांबराच्या गोळ्यांचाही भरवसा नाही. परमेथ्रिन मारलेली चादर काहीजण वापरतात. पण या औषधाला आणि त्याच्या जातीतल्या औषधांना जगभरचे ढेकूण बऱ्यापैकी सरावलेत, तेव्हा ती चादर घेऊन गाफील राहू नकोस. त्यापेक्षा एक छोटा टॉर्च, रुंद चिकटपट्टी, आठ-दहा मोठ्या झिपच्या पिशव्या आणि दोन कचऱ्याच्या जाड पिशव्या घे. वजन फारसं होणार नाही.

आता एवढं करूनही रात्री चावलेच तर? चावतील, शक्यता आहे. तेव्हा दिवा लाव. दोन वाजलेले असोत की चार, तू पैसे देऊन झोपली आहेस. सापडला तर पट्टीवर धर किंवा पेल्याखाली झाक, फोटो काढ. गांध्यांवरून कुणी मान्य करत नाही, चिकटपट्टीवरचा ढेकूण बघितला की लगेच मान्य करतात. आणि गांध्यांवरून तू स्वतःही ठामपणे ठरवू नकोस. काहींना चावल्याबरोबर उठतात, काहींना दोन आठवड्यांनी, काहींना काहीच उठत नाही. आज उठल्या म्हणजे आजच्याच जागेत चावले असं नसतं, हेही ध्यानात ठेवून बोल, म्हणजे उगाच भांडण होणार नाही.

काउंटरवर जाऊन सरळ सांग. स्पेनमध्ये 'चिंचेस', फ्रान्समध्ये 'प्युनेझ द ली', पुढे इटलीत गेलीस तर 'चिमिचि'. आवाज चढवायची गरज नाही, पण चोरटेपणाही नको. दुसरी खोली माग, आणि ती लागूनची नको, वरची-खालचीही नको, कारण भिंतीतल्या फटींतून, तारांच्या नळ्यांतून ते शेजारी जातात. खोली बदलताना सॅक कचऱ्याच्या पिशवीत घालून तोंड बांधूनच ने. दुसरी जागा नसेल तर पैसे परत माग आणि सकाळी निघ. पण न सांगता निघू नकोस. कसंही करून सांग. ज्या मधल्या गावात मी सॅक गादीवर ठेवली, त्या गादीवर दुसऱ्या दिवशी कोण झोपलं असेल हा विचार आठ वर्षांनीही माझ्या मनातून जात नाही. त्या ओस्पितालेरानं माझ्यासमोर दोन्ही आल्बेर्गेंना फोन लावले. दोन्हीकडून तिला धन्यवादच मिळाले असावेत, तिचा चेहरा तसा दिसत होता. मला वाटलं होतं ते माझ्या नावानं खडे फोडतील. कुणी माझं नावसुद्धा विचारलं नाही.

मग सामान. इथे आजीचं उकळत्या पाण्याचं शास्त्र पक्कं होतं बघ. ढेकणाला औषधापेक्षा उष्णता मारते. 50 अंशांच्या वर मोठे ढेकूण टिकत नाहीत, अंडी जास्त चिवट, त्यांना 55 च्या आसपास लागतं. म्हणून लाँड्रीत गेलीस की आधी ड्रायर. लोक आधी धुतात, मग वाळवतात. तू कोरडे कपडेच सर्वांत गरम ड्रायरवर अर्धा तास फिरव, गच्च भरू नकोस, आणि मग हवं तर 60 अंशांवर धू. ड्रायरला स्पेनमध्ये सेकादोरा म्हणतात, बऱ्याच आल्बेर्गेंत नाण्यावर चालणारा असतो. कपडे यंत्रात टाकलेस की रिकामी झालेली पिशवी लगेच तोंड बांधून कचऱ्यात टाक आणि परत येताना नवी पिशवी वापर. मी पहिल्यांदा तीच पिशवी परत वापरायला निघाले होते, त्या बाईनं हातातून काढून घेतली.

स्लीपिंग बॅग पिसांची असेल तर तिच्यावरचं लेबल वाचल्याशिवाय ड्रायरमध्ये घालू नकोस. सॅक ड्रायरमध्ये मावत नाही, तिची शिवणन् शिवण हातानं बघावी लागते. मला अडीच तास लागले. त्या बाईनं मध्ये एकदा सूप आणून दिलं आणि पुन्हा टॉर्च धरून बसली. उन्हात काळ्या पिशवीत सॅक ठेवावी असं कुणी सांगेल, कडक उन्हात उपयोग होतोही, पण आतल्या स्पंजपर्यंत तेवढी उष्णता पोचली की नाही हे कळत नाही, म्हणून मी एकट्या उन्हावर विसंबत नाही.

गांध्यांचं फार काही नाही. साबणानं धू, बर्फ किंवा ओला रुमाल ठेव, नखं कापलेली ठेव. खाजवून जखम झाली तर ती चिघळते, तेवढंच खरं भय. कॅलामाइन आणि तुला चालते ती ॲलर्जीची गोळी जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून बरोबर घे. तिथे हिरव्या क्रॉसची पाटी म्हणजे औषधाचं दुकान. ओठ सुजले, श्वास लागला, असं क्वचित कुणाला होतं, तसं झालं तर थांबायचं नाही, तडक दवाखाना. आणि चालायचं थांबवू नकोस. ते दोन दिवस वाटतं की आता पुरे, घरी जावं. मलाही वाटलं होतं. लेओनच्या कॅथेड्रलच्या रंगीत काचांतून ऊन आत येतं, ते मी पाहिलं नसतं तर आयुष्यभर हळहळले असते.

परत येशील तेव्हा विमानतळावरून थेट इकडेच येशील, आईकडे जाण्याआधी, हे मला माहीत आहे. सॅक दाराबाहेरच ठेव. मी गॅलरीत पांढरी चादर अंथरून ठेवीन. आपल्याकडे ड्रायर नाही, पण मशीनला 60 अंशांचं पाणी आहे आणि वाफेची इस्त्री आहे. डायरी, क्रेदेन्सिआल, असं जे धुता येणार नाही ते पिशवीत बंद करून चार दिवस फ्रीझरमध्ये राहील, उणे 18 वर. तोवर मी भाजी वरच्या कप्प्यातून काढून खाली ठेवीन.

शनिवारी ये. पिशव्या, पट्टी, टॉर्च काढून ठेवलाय. माझ्याच पलंगाचा गोट उलटून कसा बघायचा ते एकदा करून बघू. आणि येताना काकूला घेऊन ये. काल तिच्यापुढे मी गप्प बसले ते मला रात्रभर खुपत होतं. तिला मीच सांगते.